पाणी बरं आहे

तळ्याकाठच्या त्या वस्तीत बाई म्हटलं की एकच. बाकी सगळ्या काकू, मावश्या, वहिन्या. बाई फक्त पोहण्याच्या. उंच, रुंद खांद्यांच्या, पिकलेले केस मानेपर्यंत कापलेले, आणि आवाज असा की या काठावरून ओरडल्या तर पलीकडे पेपर वाचत बसलेला माणूस उगाचच पाठ ताठ करायचा. त्यांनी वस्तीतल्या पोरांना पोहायला शिकवलं, आणि मग त्या पोरांच्या पोरांनाही. बँकेत मोठ्या खुर्चीवर बसणारा एक साहेब अजूनही बाई समोर आल्या की पोट आत घेतो, कारण लहानपणी बाईंनी कमरेला दोर बांधून त्याला धक्क्यावरून ढकललं होतं आणि त्याने भोकाड पसरून सगळी वस्ती गोळा केली होती. बाई ही गोष्ट चारचौघांत रंगवून सांगायच्या. साहेबाला काय वाटत असेल, या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे लांबट व्हरांडा. व्हरांड्यात गाडीच्या चाकांच्या फुगवलेल्या ट्यूबा, दोरांची वेटोळी, वाळत घातलेले टॉवेल आणि बाराही महिने ओल्या दोरखंडाचा वास. समोर लाकडी धक्का आणि पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या. धक्का त्यांच्या सुतार नवऱ्याने बांधलेला. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली, पण एखादी फळी हलली की बाई अजून त्याच्या नावाने बोटं मोडायच्या.

आता त्या घोटाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या घोटापायी घडलं. फार पूर्वी एक आई आपल्या पोराला पाण्यात सोडायला तयार नव्हती. पाणी गढूळ आहे, घाण आहे, काय काय असेल त्यात, असं तिचं चाललं होतं. बाईंच्या नाकावर राग. त्या तरातरा पायऱ्या उतरल्या, ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात घोळवलं, गिळलं, आणि म्हणाल्या, “पाणी बरं आहे. उतरव त्याला.” बस्स. रागाच्या भरात केलेल्या गोष्टीची रीत झाली. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पहिल्या रविवारी सगळी वस्ती धक्क्यावर जमायची. पोरं पोहण्याच्या कपड्यांत चुळबुळत उभी. बाई कमरेइतक्या पाण्यात जायच्या, घोट घ्यायच्या, आणि त्यांनी ‘पाणी बरं आहे’ म्हटल्याशिवाय पाण्यात अंगठा बुडवायची कुणाची बिशाद नव्हती. या दिवसाला सगळे उतरणी म्हणायचे. पाणी खरंच बरं आहे का, हे दुसऱ्या कुणी तपासावं असं कुणाला वाटलं नाही. वाटायचं तरी कशाला, बाई होत्या ना.

उतरणीच्या आधी सफाई. हीसुद्धा बाईंचीच. काठाला पुरुषभर उंच लव्हाळे वाढायचे, आणि एकदा एका पोराचा पाय त्यांच्या मुळांत अडकला. पोराला काही झालं नाही, पण बाईंनी लव्हाळ्यांशी वैर धरलं. दर वर्षी सगळ्यांना कोयते आणि दाताळी घेऊन बोलवायचं, काठ मोकळा करायचा, आणि कापलेला ढीग तिथेच बाजूला रचून ठेवायचा. ढीग कुजायचा, त्यातून काळपट पाणी ओघळून तळ्यात जायचं, पण त्याकडे बघतो कोण? लोक हात कमरेवर ठेवून म्हणायचे, बघा कसं मोकळं वाटतंय. लव्हाळे गेल्यावर घरमालकांना तळं दिसू लागलं, तळं दिसू लागल्यावर त्यांनी हिरवळ थेट पाण्यापर्यंत नेली, आणि हिरवळ म्हटली की तिला खत आलंच.

सगळ्यात दांडगी हिरवळ अध्यक्षांची. हे रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. गोल, हसरे, अंगाला कायम चांगल्या साबणाचा वास, आणि कुठलंही काम चुटकीसरशी करून टाकायची हौस. खताचं पोतं ते स्वतः खांद्यावर मारून आणायचे आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं मुठीमुठीने उधळायचे. त्यांची गाडीही काठावरच धुतली जायची. माणूस वाईट नव्हता. तसं पाहिलं तर त्या वस्तीत वाईट माणूस एकही नव्हता.

तळं बिघडत गेलं ते असं हळूहळू. आधी उन्हाळ्याच्या शेवटी कडेला हिरवट साय दिसायची. मग ती उन्हाळ्याच्या मध्यात दिसू लागली. मग सुट्टी लागायच्या आधीच पाण्यावर कुणी हिरवा रंग सांडल्यासारखा थर यायला लागला, आणि वारा पडला की कुबट वास थेट स्वयंपाकघरांपर्यंत पोचायचा. बेडूक कधी ओरडायचे थांबले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. यावर वस्तीचा उपाय एकच, आणखी सफाई. जितकं पाणी हिरवं, तितके लव्हाळे मुळापासून.

त्या वर्षी सफाईनंतर थोड्याच दिवसांत लाँड्रीवाल्याचा कुत्रा मेला. धडधाकट, तांबूस, सगळ्यांच्या पायात घोटाळणारा कुत्रा. कुजलेल्या ढिगाजवळ पाणी प्यायला, घरी गेला, लाळ गाळत आडवा झाला आणि पुन्हा उठलाच नाही. लाँड्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून जो भेटेल त्याला विचारत होता की उंदराचं औषध कुणी टाकलं. कुणी टाकलं नव्हतं. बाईंनी त्याची समजूत घातली आणि घरी येऊन खिडकीत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. पाण्यावर कसलीच हालचाल नव्हती. त्यांना कसंतरीच झालं, पण त्यांनी मान झटकली आणि चहाला आधण ठेवलं.

त्याच आठवड्यात पाणीखात्यातली पोरगी आली. पोरगी म्हणजे आता चांगली कमावती बाई होती, पण बाईंच्या हाताखाली पोहायला शिकलेली, म्हणून पोरगीच. तिने धक्क्यावर बसून बाटल्यांत पाणी भरलं, कापलेला काठ बघितला, ढीग बघितला, आणि तिचा चेहरा उतरला.

“बाई, यंदा कुणाला उतरवू नका,” ती म्हणाली.

“का गं?”

“हे हिरवं साधं शेवाळ नाही. यातलं काही विषारी असतं. रिपोर्ट यायचाय, पण लाँड्रीवाल्या काकांचा कुत्रा कशाने गेला ते मला आत्ताच कळलंय.”

बाईंनी टॉवेल झटकला. “मग मारून टाकू की ते हिरवं.”

“अजिबात नाही. नीट ऐका माझं. औषध टाकून मारलंत तर मरता मरता ते पोटातलं सगळं विष पाण्यात सोडतं. पाणी दिसायला स्वच्छ होतं, आणि तेव्हाच ते सगळ्यात वाईट असतं.”

“मग काय हातावर हात ठेवून बसू?”

“नाही. लव्हाळे परत वाढू द्या. वरून येणारं खत, साबण, सगळं तेच अडवत होते, तुम्ही गाळणीच काढून टाकलीत. काठालगतचा पट्टा तसाच सोडा, तिथे कापणं नको, खत नको. हा ढीग उचलून लांब न्या. घराघरांतल्या मैल्याच्या टाक्या झिरपतायत का ते बघून घ्या. गाड्या इथे धुऊ नका. हे केलंत तर तळं स्वतःच सावरेल, पण त्याला वेळ लागेल. एका सुट्टीत नाही होणार.”

बोलत होती ती अगदी नम्रपणे, मान खाली घालून, पण बाईंच्या कानाला फक्त एकच ऐकू आलं. तुम्ही काढून टाकलीत. म्हणजे इतकी वर्षं उन्हातान्हात कोयता चालवला तो तळ्याच्या गळ्यावर?

“तुला पोहायला कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही.”

“मग मला तळं शिकवू नकोस.”

पोरगी उठली. बाटल्या पिशवीत भरून निघून गेली. बाईंनी हे बोलणं कुणाच्याही कानावर घातलं नाही.

याला एक कारण होतं, आणि ते कारण पहिलीत जात होतं. लेकीची लेक. अवघं घर तिला बेडकी म्हणायचं, कारण चालण्यापेक्षा ती उड्याच जास्त मारायची. बाईंची स्वतःची लेक मात्र पाण्याला भ्यायची. सगळ्या वस्तीला तारणाऱ्या बाईंनी तिलाही लहानपणी धक्क्यावरून ढकललं होतं. फरक एवढाच की ती बँकेतल्या साहेबासारखी रडली नाही. पाण्यातून निघाली, घरी गेली आणि पुन्हा कधी धक्क्यावर आली नाही. बाईंना हे शल्य आतल्या आत खात होतं. कितीतरी मिनतवाऱ्या केल्यावर लेकीने यंदा बेडकीला शिकवायला होकार दिला होता, तोही एका अटीवर. “मी काठावर असेन तेव्हाच. माझ्यामागे तिला पाण्यात न्यायचं नाही. आई, मला शब्द दे.” बाईंनी शब्द दिला. आणि आता कुणी म्हणत होतं, यंदा नको, कदाचित पुढच्या वर्षीही नको. तोवर लेकीचं मन बदललं म्हणजे?

म्हणून अध्यक्ष मोरचूदाची पोती घेऊन आले तेव्हा बाईंनी नाही म्हटलं नाही.

“बाई, रामबाण उपाय,” अध्यक्ष म्हणाले. “मत्स्यतळीवाले हेच टाकतात. दोन दिवसांत काचेसारखं पाणी.”

“कुणाला अपाय बिपाय?”

“अहो, झाडांवर फवारतात हे. तुम्ही होडी वल्हवा, मी पोतं धरतो.”

बाई होडीत बसल्या. पोरगीचं बोलणं त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं, उगाच कशाला खोटं बोला. पण पोरगी नवी, तिचं सगळं बाटलीतलं, अशी त्यांनी मनाची समजूत काढली. निळ्या खड्यांनी भरलेलं पोतं अध्यक्षांनी दोरीने होडीमागे सोडलं आणि बाईंनी आपल्या जन्माच्या सवयीच्या हातांनी तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वल्हं मारलं. पोत्यामागे पाण्यात निळसर रेघ उमटत होती. अध्यक्ष सारखे काहीतरी विनोद करत होते आणि बाई हसत होत्या, पण त्यांचं लक्ष विनोदात नव्हतं. परत येताना काठाशी काही छोटे मासे उलटे तरंगताना दिसले. दोघांनीही ते बघितलं आणि अध्यक्षांनी पुढचा विनोद सुरू केला.

अध्यक्षांचं म्हणणं मात्र खरं ठरलं. हिरवं आधी पिवळट पडलं, मग त्याच्या चिंध्या झाल्या आणि त्या खाली बसल्या. शनिवारी सकाळी पायऱ्यांची बुडालेली खालची पायरीसुद्धा दिसत होती. वस्ती बघायला लोटली. म्हातारी माणसं म्हणाली की आमच्या लहानपणी असं होतं. अध्यक्षांची छाती दोन इंच पुढे आली. इतकं स्वच्छ पाणी, पण त्यावर एक किडा नव्हता, एक पाखरू उतरत नव्हतं. बाईंनाच ते खटकलं, आणि बाईंनीच ते मनाआड केलं.

शनिवारी लेकीची बेकरीत दिवसभराची पाळी. बेडकी आजीकडे. दुपारी बेडकी व्हरांड्यात ट्यूब गळ्यात अडकवून एका पायावर नाचत होती.

“आजी, उद्या नक्की ना?”

“नक्की.”

“आज थोडं? पायच बुडवते फक्त.”

बाईंनी पाण्याकडे बघितलं. ऊन तळापर्यंत पोचत होतं. एवढी वर्षं वाट बघितली, एक दिवस थांबायला काय झालं होतं? पण नाही थांबवलं. उद्या सगळ्यांसमोर नात घाबरली, लेकीने तिला तिथल्या तिथे उचलून नेलं तर काय करायचं, आज एकदा पाण्याची भीड चेपू दे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर त्यांना राहवलं नाही. नातीला पहिल्यांदा पाण्यावर धरायचं ते त्यांना एकटीला हवं होतं, कुणाच्या पहाऱ्याखाली नव्हे.

यावेळी ढकललं नाही. लेकीच्या वेळची चूक त्यांनी मनात पक्की धरून ठेवली होती. पायरी पायरीने नेलं, पोटाखाली हात धरला, कानाशी बोलत राहिल्या. बेडकीने पाय झाडले, पाणी नाकात गेलं, ठसका लागला, तरी हसत होती. आणि एका क्षणी बाईंनी हात काढला तर पोरगी वर. चार हात अंतर का होईना, आपली आपण. बाईंना रडू आलं. एवढ्या पोरांना तरायला शिकवलं, पण असं रडू कधी आलं नव्हतं.

“आता तुला एक मानाचं काम देते,” त्या म्हणाल्या. “उद्या मी जे करते ना, ते आज तू कर. घोट घे आणि सांग, पाणी कसं आहे.”

बेडकीने इवल्याशा ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घातलं आणि लगेच थुंकलं. “कसंतरीच लागतंय.”

“तळ्याची चव आहे ती. नीट घे. थुंकायचं नाही, गिळायचं. मी नाही का गिळत?”

आणि बाईंनी स्वतः आधी घोट घेतला. बेडकीने आजीकडे बघत डोळे मिटून दुसरा घोट घेतला, गिळला, आणि आजीचा आवाज काढून म्हणाली, “पाणी बरं आहे. उतरा.” दोघी हसून हसून बेजार झाल्या.

केस पुसताना बाई म्हणाल्या, “आईला सांगायचं नाही हं. उद्या तिला चकित करायचं.” संध्याकाळी लेक आली. तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, “केस ओले कसे?”

“न्हाऊ घातलं,” बाई म्हणाल्या. लेकीच्या कपड्यांना भाजलेल्या पिठाचा वास येत होता, ती थकली होती, तिने पुढे काही विचारलं नाही.

रात्री बाईंच्या पोटात मुरडा आला. सकाळी तोंडाला कडवट चव, आणि हातापायांतलं बळ गेल्यासारखं. वय झालं, त्यांनी मनाशी म्हटलं. तेवढ्यात फोन वाजला. पाणीखात्यातली.

“बाई, रिपोर्ट आलाय. मला वाटलं होतं त्याहून वाईट आहे. आणि तळ्यात मोरचूद टाकलं असं ऐकते, ते खोटं आहे ना?”

बाईंनी खिडकीतून पाण्याकडे बघितलं.

“बाई, आज कुणाला उतरवू नका. माझ्यावर रागवा, काय वाटेल ते बोला, पण कुणाला उतरवू नका. ते विष यकृतावर जातं. लहान मुलांना तर थोडंसंही पुरतं. आणि कुणाच्या पोटात गेलंच असेल, उलट्या होत असतील, तर डॉक्टरांना तळ्याचं पाणी प्यायलं म्हणून स्पष्ट सांगायचं. नाहीतर ते भलतंच औषध देत बसतील आणि वेळ हातची जाईल.”

बाईंनी फोन ठेवला. बाहेर धक्क्यावर पोरांचा कलकलाट ऐकू येत होता. बेडकीला काही झालं नसेल. झालं असतं तर एव्हाना लेक आली असती. कुणाला काही न सांगता आजचं नुसतं पुढे ढकलावं, पाणी गार आहे म्हणावं, माझी तब्येत बरी नाही म्हणावं. मग कुणी उतरणार नाही, आणि कालचं कालच्यापुरतं राहील. असं ठरवून त्या बाहेर आल्या.

सगळी वस्ती होती. आया, बाप, पोरं, लाँड्रीवाला, नव्या सदऱ्यातले अध्यक्ष. वस्तीचे डॉक्टरही होते, आपल्या जुळ्यांना पोहण्याचे कपडे घालून घेऊन आलेले.

“आज नको,” बाई म्हणाल्या. “पुढच्या रविवारी बघू.”

लोकांना वाटलं थट्टा. अध्यक्ष हसले. “बाई, असं पाणी आपल्या जन्मात पुन्हा मिळणार नाही. तळ दिसतोय.”

“मला बरं नाही.”

“मग तुम्ही बसा की निवांत. मी घेतो घोट तुमच्या वतीने.” आणि अध्यक्ष पँटचे पाय दुमडायला लागले. पोरं पुढे सरकली. डॉक्टरांच्या जुळ्यांपैकी एक तर पहिल्या पायरीवर पोचलं होतं.

तेवढ्यात लेक आली. धावतच आली म्हणा ना. कडेवर बेडकी, चादरीत गुंडाळलेली, मान आईच्या खांद्यावर टाकलेली. “डॉक्टर, पहाटेपासून उलट्या थांबत नाहीयेत हिच्या. पाणी दिलं तरी ओकते.”

सगळे बाजूला झाले. डॉक्टरांनी व्हरांड्याच्या बाकावर पोरीला निजवलं, पोट दाबून बघितलं, पापणी ओढून बघितली. “काल काय खाल्लं?”

“घरचंच. बेकरीतला एक केक आणला होता.”

“मग केकचंच असणार. या दिवसांत क्रीम नासतं. चिठ्ठी देतो, गोळ्या आणा, दुपारपर्यंत उतार पडेल.” मग ते बेडकीकडे वाकले. “काय गं, बाहेरचं काही खाल्लं होतंस? काही प्यायलीस?”

बेडकीने डोळे उघडले. तिने आजीकडे बघितलं, आणि मान हलवून नाही म्हटलं.

पोरीने शब्द पाळला होता. डॉक्टर खिशातून पेन काढत होते. पलीकडे अध्यक्षांचा एक पाय पायरीवर होता.

“त्या पायऱ्यांवरून सगळे मागे व्हा,” बाई ओरडल्या. त्यांचा असा आवाज वस्तीनेही कधी ऐकला नव्हता. जुळं पोर घाबरून बापाकडे पळालं. अध्यक्ष एका पायावर तसेच राहिले.

“केकचं नाही ते,” बाई म्हणाल्या. आता आवाज फाटला होता. “काल दुपारी मी हिला पाण्यात उतरवलं. पाण्यात विष आहे. मला आधीच सांगितलं होतं, पाणीखात्यातून. मोरचूद टाकू नका म्हणूनही सांगितलं होतं. मी कुणाला बोलले नाही.”

मग एका आईने आपल्या पोराचा दंड धरला आणि त्याला ओढतच घराकडे निघाली, आणि मग एकामागून एक सगळ्या. अध्यक्ष म्हणायला लागले की मला कुठे कुणी काय सांगितलं होतं, मी तर आपलं भल्यासाठी. लाँड्रीवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं, आणि तो मटकन खाली बसला.

लेक जागची हलली नव्हती. ती बाईंच्या अगदी जवळ आली. आवाज अजिबात चढवला नाही तिने.

“न्हाऊ घातलं म्हणालीस.”

“हो.”

“पाणी पोटात गेलं हिच्या?”

“गेलं.”

“पोहताना गेलं?”

इथे बाई हो म्हणू शकल्या असत्या. नाकातोंडात पाणी जातंच, कुणीही विश्वास ठेवला असता. पण डॉक्टर ऐकत होते, आणि किती गेलं हे त्यांना कळायला हवं होतं.

“पोहताना थोडं. नंतर मी पाजलं,” त्या म्हणाल्या. “पहिला घोट तिने थुंकला. कसंतरीच लागतंय म्हणाली. मीच म्हटलं, थुंकायचं नाही, गिळ.”

डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली आणि खिशातली गाडीची किल्ली काढली. मोठ्या हॉस्पिटलला न्यायला हवं, लगेच, ते म्हणाले, आणि जाता जाताच कुणालातरी फोन लावून यकृत, यकृत असं काहीतरी सांगायला लागले. लेकीने बेडकीला चादरीसकट उचललं. पोरगी पुन्हा ओकली, आईच्या खांद्यावरच, आणि तिचे ओठ सुकून पांढरे पडलेले होते. बाई पुढे झाल्या, हात पुढे केले, पण लेकीने अंग चोरून घेतलं.

“आई, तू पुढच्या सीटवर बस,” ती म्हणाली. “तिथले डॉक्टर जे जे विचारतील ते सगळं खरं सांग. किती वेळ पाण्यात होती, किती प्यायली, सगळं. ते सांगून झालं की घरी जा. माझ्या पोरीजवळ थांबायचं नाही.”

बाई पुढच्या सीटवर बसल्या. मागे बेडकी क्षीण आवाजात पाणी मागत होती, आणि लेक तिला थांब बाळा, थोडं थांब, एवढंच म्हणत होती.